अकरा हंगामांची राणी

मी एका माणसाची बायको म्हणून अकरा हंगाम काढले. त्या अकरा हंगामांत त्यानं मला हजार वेळा टाकून दिलं, हजार वेळा जंगलात सोडलं आणि शेवटच्या प्रवेशात हजार वेळा परत आणलं. आमच्या घरच्या बाईनं मला एवढ्या वर्षांत एकदाही टाकलं नाही, म्हणून परत आणायचा प्रश्नच आला नाही. यातला संसार कुठला खरा, असं कुणी विचारलं की मी पान खायला बाहेर जातो.

मी नाटक मंडळीत स्त्रीपार्ट करायचो. तेव्हा कनातीच्या नाटकांत बायका नसत. राणी असो, दासी असो, नाहीतर राजाची म्हातारी आई असो, आत दाढी केलेला गडीच असायचा. बाकीच्यांच्या लुगड्यातून गडी दिसायचा, माझ्या दिसायचा नाही. हे मी म्हणत नाही, अख्खा औरंगाबाद जिल्हा म्हणायचा. त्यात जालन्याकडचेही आले, पण त्यांचं जाऊ द्या.

आमचं गाव गारखेडा, औरंगाबाद शहराला लागून. आज तिथं रिक्षावाला विचारतो, कुठल्या अपार्टमेंटला सोडू. तेव्हा तिथं ज्वारी होती, आणि ज्वारीत मी होतो. पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. लोकांच्या पोटातली भीती उतरली होती आणि जत्रा पुन्हा पहिल्यासारख्या भरायला लागल्या होत्या. जत्रा आली की कनात आली, कनात आली की नाटक आलं. शहरात अशीच एक मंडळी उतरली होती. तिचा स्त्रीपार्टवाला, आता आपण मिशी ठेवणारच, असा हट्ट धरून निघून गेला होता. मॅनेजर इराण्याच्या हॉटेलापुढं कपाळाला हात लावून बसला होता आणि समोरून मी वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन चाललो होतो. एकवीस वर्षांचा, पाच फूट नऊ इंच. माझी चाल बघून मॅनेजरच्या हातातला चहा सांडला. चहा साधासुधा नव्हता, इराण्याचा होता, त्यावरून ओळखा.

वडिलांना विचारायला मॅनेजर गारखेड्याला आला. वडील म्हणाले, शेतात चार बैल आहेत, हा पाचवा गेला तरी चालेल. असा मी राणी झालो.

राजा वैजापूरचा होता. त्याला मी नाव घेऊन कधी हाक मारली नाही, आता इथंही घेत नाही. पावसाळ्यात कनात बंद असली की तो वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी असायचा, म्हणजे काट्यावर धान्य मोजणारा. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्याचा तो ‘लाभ’ असा निघायचा की यार्डातले बैल रवंथ थांबवून माना वर करायचे. हाच आवाज घेऊन तो खांद्यावर हिमरूची शाल टाकून सिंहासनावर बसायचा. सिंहासन म्हणजे कांद्याची दोन खोकी. पण त्यानं टेकून बसावं आणि आपण त्याला राजा म्हणावं, एवढीच जागा त्या खोक्यांत असायची.

आमच्या मंडळीत राणीपुरती एक रीत होती. कुणी सुरू केली देव जाणे, माझ्या आधीपासून होती. सफेदा लावून झाला, काजळ झालं, नऊवारी नेसून झाली, नथ अडकवली, तरी स्त्रीपार्टवाला तोवर गडीच. त्याला अरेतुरे करायचं, विडी द्यायची, शिवी द्यायची. मग राजापार्टवाला पिंजरीची डबी घेऊन यायचा आणि उजव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटानं त्याच्या कपाळावर कुंकू लावायचा. लावलं की संपलं. त्यानंतर खेळ सुटून कुंकू पुसेपर्यंत कनातीतला एकही माणूस मला गडी समजायचा नाही. मॅनेजरसुद्धा ‘राणीसाहेब’ म्हणायचा, पेटीवाला उठून जागा द्यायचा. एकदा कुंकू लागल्यावर मला विंचू चावला, तर मंडळी वैद्य आणायच्या आधी सुईण आणायला निघाली होती.

ते कुंकू लावताना राजा डाव्या हातानं माझी हनुवटी जराशी वर करायचा, बोट टेकवायचा, एक पाऊल मागं जायचा आणि बघायचा. चित्र सरळ टांगलंय का हे बघावं तसं. तेवढ्यात माझ्या अंगातला शेतकरी उठून बाहेर जाऊन बसायचा. खेळ नंतर लोकांसाठी व्हायचा. माझा खेळ तेवढाच होता.

पण नाव झालं ते झालंच. वेरूळला महाशिवरात्रीच्या जत्रेत आमचा खेळ व्हायचा. राजा राणीला जंगलात सोडतो त्या प्रवेशाला बाया अशा रडायच्या की पुढच्या दोन रांगांत घोंगड्या भिजायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा चहाच्या पालावर गेला, तर पालावरची बाई म्हणाली, बायकोला टाकणाऱ्याला माझ्याकडं चहा नाय. त्यानं सांगून पाहिलं, नाटक होतं. ती म्हणाली, बघितलं तुझं नाटक. शेवटी मी विजार-सदऱ्यात, दाढीचे खुंट वाढलेल्या तोंडानं तिथं गेलो आणि हात जोडून सांगितलं की बाई, टाकलेली ती मीच, माझी यांच्याबद्दल काही तक्रार नाही. तिनं मला खालून वर बघितलं आणि चहा दिला. एकच कप दिला. आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा घेतला. त्याच्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी चहा प्यालो आहे.

वैजापूरच्या मुक्कामाला माझी राणी इतर ठिकाणांपेक्षा जरा भरलेली दिसायची. तिथं सरकी काढलेला कापूस हवा तेवढा मिळायचा, हे त्यामागचं कारण. शहरात आलो की चिंध्यांवर भागवावं लागे. शहरातला एक टांगेवाला मला सामानासकट मुक्कामावर सोडायचा. मी गडी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी टांग्याचा पडदा सोडायचा. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, “नक्को बाई, जमाना खराब है.”

मग माझं लग्न ठरवायचं निघालं. वडिलांना वाटत होतं की वेळेवर सून आणली नाही तर आपल्याला जावई बघावा लागेल. वैजापूर तालुक्यातली मुलगी होती, तेव्हा वाटेवरचा म्हणून राजाही आमच्याबरोबर मुलगी बघायला आला. ओसरीवर बसलो. मी नवा सदरा घातला होता, टोपी घातली होती, मांडी ठोकून गड्यासारखा बसलो होतो. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात मुलीचे आजोबा काठी टेकत बाहेर आले. सगळे उठले, मीही उठलो. आणि माझा उजवा हात आपला आपण खांद्यावर गेला, नसलेला पदर डोक्यावर ओढला, मी मान खाली घातली आणि दोन पावलं मागं सरकून भिंतीला लागलो.

मुलीचे वडील माझ्याकडं बघायला लागले, माझे वडील आढ्याकडं. राजानं घसा साफ केला आणि सिंहासनावरच्या आवाजात सांगितलं की गारखेड्याकडं थोरांचा मान ठेवायची अशीच पद्धत आहे, तिकडचे गडीसुद्धा असंच करतात. आजोबा खूश झाले. म्हणाले, आजकाल कुठं राहिलंय हे. आत दाराआड मात्र पोह्यांची ताटली खाली पडली आणि कुणीतरी पोट धरून हसलं. तीच माझी बायको. पुढं ती सगळ्या गारखेड्याला सांगायची, “मला बघाया आले आन् स्वतःलाच दाखवून गेले.” कुणाच्याही घरी मुलगी बघायचा कार्यक्रम असला की हा किस्सा तिला सांगावाच लागायचा. ती मला ओळखून होती. मंडळीच्या हंगामाला मी निघालो की भाकरी बांधून द्यायची आणि म्हणायची, जा, तुमचे मालक वाट बघत असतील.

अकरावा हंगाम सरला आणि मॅनेजरनं सांगितलं की पुढच्या वर्षी राणीच्या कामाला बाई आणलीय. शहरात सिनेमाची थिएटरं वाढली होती, लोकांना आता खरी बाई पाहिजे होती.

मी म्हणालो, “खरी बाई त्यांच्या घरी असती की. मग कनातीत कशाला येतात?”

मॅनेजर म्हणाला, तुला राणीची दासी करतो. राजा तिथंच बसून चिलीम साफ करत होता. मला मॅनेजरचं काही वाटलं नाही, धंदा आहे. मला एवढंच हवं होतं की राजानं एकदा, कुणासमोर नाही तर मला एकट्याला, म्हणावं की तुझ्याशिवाय मला राजा होता येत नाही. म्हटलं असतं तर मी दासी काय, सिंहासनाचं खोकंसुद्धा झालो असतो. त्यानं चिलमीत काडी घालून पाहिली, फुंकली, आणि उठून गेला.

पुढचा हंगाम वैजापुरातच सुरू झाला. नवी बाई चांगली होती, उगाच खोटं कशाला बोलू. दोन लेकरं बरोबर घेऊन आली होती, आवाज गोड होता, मला ‘दादा’ म्हणायची. दिवेलागणीला आम्ही सगळे रंगून तयार झालो. राजा नेहमीसारखा पिंजरीची डबी उघडून, बोट बुडवून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आणि थांबला. तिच्या कपाळावर कुंकू होतंच. सवाष्ण बाई, घरून लावून आलेली. तिला परक्या माणसानं कुंकू लावायचं कशाला? तिला तर ही रीत ठाऊकही नव्हती. तिनं विचारलं, “काय हो?” तो म्हणाला, “काय नाय.”

मी तीन हातांवर उभा होतो. दासीचं जुनेर नेसून, मोकळ्या कपाळानं. तो वळला तेव्हा त्याचं लाल बोट तसंच वर होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हनुवटी वर केली की नाही ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं केली. मग मंडपात घंटा झाली आणि त्यानं ते बोट कनातीच्या खांबाला पुसलं.

सकाळी मी गाठोडं बांधलं. मोटारीपर्यंत तो आला. म्हणाला, “शेतीकडं चालला का? बरं हाय.” त्यानं माझ्यासाठी शेंगा आणल्या होत्या. शहर येईपर्यंत मी त्या खाल्ल्या. टरफलं फेकायची लाज वाटली, खिशात ठेवली. बायकोनं सदरा धुताना काढली ती.

शेती मला झेपेना. ज्वारी बघायला कुणी तिकीट काढून येत नाही. मग शहरात गुलमंडीवर एका साड्यांच्या दुकानात लागलो. ते दुकान माझ्यामुळं नावारूपाला आलं, शेठ आज असते तर त्यांनीही मान्य केलं असतं. साडीच्या दुकानात गादीवरचा माणूस गिऱ्हाइकाला साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवतो. बाकीचे लावायचे म्हणजे खुंटीवर धोतर वाळत घालायचे. मी सदरा-विजारीवर निऱ्या घालायचो, पदर टाकायचो, आणि गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात पावलं चालायचो. बाया खरेदी विसरायच्या. पैठणच्या एका बाईनं तर नवऱ्याला सांगितलं होतं, साडी राहू द्या, यांनाच चार दिवस घरी न्या, मला चालायला शिकवतील. दुकानात सात पावलं, कनातीत अठ्ठावीस होती. पण चालता येत होतं.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. एका लग्नसराईत दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, एक म्हातारा होऊ घातलेला माणूस, त्याची बायको आणि एक लग्नाची मुलगी दुकानात आली. त्यानं चपला काढल्या, गादीवर बसला आणि लोडाला टेकला. टेकला, त्यावरून मी ओळखलं. तोंड ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. डोक्यावर केस नव्हते, दोन दात गेले होते, अंगात पांढरा कोट.

त्यानं मला ओळखलं की नाही, ते कळेना. तो म्हणाला, “पोरीचं लग्न हाय. साड्या दाखवा.” मी म्हणालो, बसा, चहा सांगतो. त्याची बायको आमच्या खेळाला कधी आली नव्हती, आणि सफेद्याविना मला कोण ओळखणार होतं? तेव्हा आम्ही दोघं परके झालो. नाटक मंडळीतली माणसं आम्ही, सोंग कुणी सुरू केलं की दुसरा ते मोडत नाही.

मी जांभळ्या रंगाची, हिरव्या काठांची साडी काढली. घडी मोडली. निऱ्या घातल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट निऱ्या त्या दिवशी पडल्या. पदर घेतला आणि चाललो. सात पावलं गेलो, वळलो, आलो.

त्याची बायको लगेच म्हणाली, “हीच द्या, भाऊ. पोरीच्या रंगाला शोभती.”

तो म्हणाला, “दुसरी दाखवा.”

मी दुसरी दाखवली. चाललो. त्यानं पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, दुसरी दाखवा. तिसरी झाली, चौथी झाली. मोतिया, डाळिंबी, राणी रंग, मोरपंखी. रंगाचं त्याला काही पडलेलं नव्हतं, काठ कसले आहेत हे त्यानं एकदाही बोटानं चाचपलं नाही. धान्य मोजणारा माणूस, मालाला हात न लावता बसला होता. दहाव्या साडीला माझ्या निऱ्या सरळ पडायला लागल्या. पंधराव्या साडीला मी गुलमंडीवर नव्हतो. त्याच्या बायकोनं जांभई दिली, मुलगी लोडावर डोकं टेकून झोपून गेली, चहावाला कप घेऊन गेला. शेठ कपाटातल्या वरच्या फळीवरचे गठ्ठे काढून देत होते आणि मला डोळ्यांनी विचारत होते की हे गिऱ्हाईक आहे का काय आहे. नंतर शेठ म्हणाले, बत्तीस साड्या. माझं विचाराल तर दोनशेच्या खाली नव्हत्या.

शेवटी त्याची बायको वैतागली. “अहो,” ती म्हणाली, “लग्न पोरीचं हाय का तुमचं?”

तो हसला. म्हणाला, पहिलीच द्या. ती जांभळी.

साडी बांधून दिली. त्या मायलेकी पुढं गेल्या. तो उंबऱ्यावर बसून चपला घालायला लागला. त्याला खूप वेळ लागला, एवढ्या वेळात माणूस बूट शिवून घालतो. मी पिशवी हातात धरून उभा होतो. वर न बघता तो म्हणाला, “वळताना मान आधी वळती आन् डोळं मागून येतात. तसं त्या बाईला कधी जमलं नाय. कुनालाच जमलं नाय.” मग पिशवी घेतली आणि गेला.

शेठ म्हणाले, ओळखीचे होते का? मी नाही म्हणालो. आयुष्यात लाखभर खोटं बोललो असेन, तेवढं एक जड गेलं. मग बत्तीस साड्यांच्या घड्या घालत बसलो. लाइट लागेपर्यंत पुरल्या.

घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं आणि माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, कोण भेटलं? मी सांगितलं, राजा आला होता.

“काय म्हनला?”

“दुसरी दाखवा म्हणाला.”

“किती बारी?”

मी सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. भाकरी तव्यावर उलटली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आणि म्हणाली, “पोरी किती हायत त्याला?”

हे मी बोलता बोलता मुलीच्या आईकडून काढून घेतलं होतं. तीन होत्या.

“मंग आजून दोनदा यील की,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात तूप वाढलं.

दुसरीचं लग्न चार वर्षांनी झाल्याचं कानावर आलं. त्यांनी पैठणी घेतली, ती येवल्याहून. येवला वैजापूरला जवळ, आणि तिथं पैठणी विणणाऱ्याच्या घरातून मिळते. शहरात यायचं कारणच नव्हतं. शहाणा माणूस तसंच करील. मी तिसरीची वाट बघायला लागलो. माझे गुडघे गेले होते. शेठ म्हणत होते, आता गल्ल्यावर बस, गादीवर नव्या माणसाला ठेवू. मी ऐकलं नाही. नव्या माणसाला पदर टाकता येत नाही, तो साडी आरशाला दाखवतो, गिऱ्हाइकाला नाही, अशा शंभर खोड्या काढून दोन माणसं मी पळवून लावली. रोज सकाळी दुकान उघडल्यावर, कुणी यायच्या आत, सात पावलं चालून बघायचो. वळायचो. मान आधी, डोळे मागून. गुडघ्यातून कनातीच्या दोरासारखा आवाज यायचा, पण वळता येत होतं.

मग एक दिवस वैजापूरचं एक गिऱ्हाईक आलं. गावचं काय, घरचं काय, असं करत करत मी मापाड्याच्या तिसऱ्या मुलीवर आणलं. तर ते म्हणालं, तिचं मागच्याच महिन्यात पुण्याला झालं. नोंदणी पद्धतीनं. साधा पंजाबी ड्रेस घालून सही केली म्हणे, साडीबिडी काही घेतलीच नाही. मुलगी शिकलेली आहे, चांगलं केलं, खर्च वाचवला, असं मीही म्हणालो.

त्या गिऱ्हाइकाला मी सात-आठ साड्या दाखवल्या. चाललो नाही, उभ्याउभ्याच दाखवल्या. त्यानं एक घेतली. संध्याकाळी शेठना सांगितलं, उद्यापासून गल्ल्यावर बसतो, गादीवर दुसरा बघा.